स्टोकसे: लोकरीच्या पैशातून उठलेली गढी

वेल्सच्या सरहद्दीला लागून इंग्लंडची श्रॉपशायर काउंटी आहे. तिथल्या लडलो गावापासून वायव्येला सातएक मैलांवर, ऑनी नदीच्या खोऱ्यात, स्टोकसे कॅसल आहे. नावात कॅसल असले तरी किल्ला डोळ्यांपुढे ठेवून पाहायला गेले तर फसगत होते. खंदक आहे, बुरूज आहे, चर्या (तटाच्या माथ्यावरचे दातेरी कठडे) आहेत, आणि या सगळ्याच्या मधोमध भल्या उंच खिडक्यांचा एक हॉल आहे. ज्या भिंतीवर शत्रूने चालून यायचे, तिलाच एवढी मोठी भगदाडे कोणी का ठेवावीत? इंग्रज अभ्यासक अशा वास्तूला ‘तटबंदीचे मॅनर हाउस’ म्हणतात. मराठीत जोडशब्द करण्याची गरज नाही, गढी हा शब्द तयार आहे. किल्ला राज्याचा असतो, गढी घरधन्याची.

स्टोकसे अभ्यासाला घेण्याचे कारण साधे आहे. 13 व्या शतकातले असे घर, हॉल-बुरूज-जिन्यासकट, इतक्या कमी फेरफारांनिशी इंग्लंडात क्वचितच उरले आहे. पुढे प्रश्न दोन: यातले काय कधी बांधले हे कशावरून कळते, आणि यातली तटबंदी खरी किती, मिरवण्यापुरती किती.

घरधनी

बांधणारा लॉरेन्स ऑफ लडलो सरदार नव्हता. त्याचा बाप निकोलस लोकरीचा व्यापारी, आणि मुलाने तोच धंदा एवढा वाढवला की तो इंग्लंडातल्या सर्वांत मोठ्या लोकर व्यापाऱ्यांत गणला जाई. सरहद्दीवरच्या मेंढ्यांची लोकर समुद्रापार फ्लँडर्सच्या मागांवर जायची आणि येताना रोकड यायची. ही रोकड तो बड्या उमरावांना कर्जाऊ देई. 1281 मध्ये त्याने थिओबाल्ड द व्हर्डन याच्याकडून स्टोकसेची जहागीर घेतली. गावाचे मूळ नाव नुसते स्टोक. ‘से’ हे शेपूट पूर्वीच्या द से या नॉर्मन घराण्याचे.

व्यापाऱ्याला जमीन का हवी हे उघड आहे. लोकरीने पैसा मिळतो, पण मान जमिनीने आणि जमिनीवरच्या घराने मिळतो. त्यातून वेळही साधलेली होती. पहिल्या एडवर्डने 1282-83 च्या मोहिमेत वेल्स जिंकले होते आणि पिढ्यान्‌पिढ्या धुमसणारी ही सरहद्द पहिल्यांदाच जरा निवली होती. बांधकामाला हात घातला तो या शांततेनंतर.

19 ऑक्टोबर 1291 रोजी राजाकडून परवाना निघाला: लॉरेन्सला स्टोकसे येथील राहते घर दगड-चुन्याच्या भिंतीने बळकट करण्यास आणि त्यावर चर्या चढवण्यास मुभा. बांधकामाला भक्कम तारीख देणारा हा एकच कागद, आणि वाचताना नेमकी इथेच चूक होते. परवाना म्हणजे बांधकाम सुरू झाल्याचा दाखला, असे धरून बऱ्याच वास्तूंच्या तारखा ठोकून दिल्या गेल्या आहेत. खरे तर असा परवाना काम चालू असताना मिळे, कधी ते संपत आल्यावर. पुष्कळ वेळा त्याचा अर्थ ‘आता तट बांध’ एवढाच नसून ‘या माणसाला राजाने चर्या लावण्याच्या पंक्तीत बसवले आहे’ असा असे. याच काउंटीत राजाचा चॅन्सेलर, म्हणजे मुख्य मंत्री, रॉबर्ट बर्नेल याने 1284 मध्ये ॲक्टन बर्नेल येथील आपल्या घरासाठी असाच परवाना घेतला होता. तिथेही वर चर्या आणि खाली ऐसपैस खिडक्या आहेत. लॉरेन्सचा शेजार हा असा होता.

तारीख लाकडाला विचारायची

जुन्या वर्णनांत स्टोकसेच्या उत्तर बुरुजाचे खालचे दोन मजले 1240 च्या सुमाराचे, म्हणजे लॉरेन्सच्या आधीचे, मानलेले आढळतात. बुरूज ओबडधोबड आहे, तेव्हा तो जुना असणार, असा तो तर्क. दगडी बांधकाम नुसत्या नजरेने जोखण्यात हा धोका कायमचा आहे. खेड्यातला गवंडी आजोबांच्याच पद्धतीने बांधतो, त्यामुळे पन्नास वर्षांचा फरक डोळ्याला दिसत नाही.

निकाल लावला लाकडाने. ओकच्या तुळईतून पेन्सिलीएवढ्या जाडीचा गाभा पोकळ ड्रिलने काढतात, त्यावरची वलये मोजतात आणि रुंद-अरुंद वर्षांची ती मालिका त्या प्रदेशाच्या ज्ञात मालिकेशी जुळवतात. साल शाबूत असेल तर झाड कोणत्या वर्षी, कधी कधी कोणत्या ऋतूत, तोडले हेही सांगता येते. सुतार मात्र सालीलगतचे फिकट रसकाष्ठ पुष्कळदा तासून टाकतो, कारण किडा तिथेच आधी लागतो. मग गेलेली वलये अंदाजाने धरावी लागतात. इंग्लंडच्या ओकला रसकाष्ठाची साधारण 10 ते 40 वलये असतात, म्हणजे उत्तराला तेवढी सैल जागा राहते. दुसरा घोळ जुन्या वाशांचा. पाडलेल्या घराचा वासा नव्या घराला लावला असेल तर एकटा नमुना खोटे बोलतो. म्हणून एकाच छपरातले अनेक नमुने लागतात, आणि रिकामी खोबण, जुने खिळ्याचे भोक अशा खुणा दिसल्या की ते लाकूड बाजूला ठेवायचे. एक गोष्ट मात्र सोयीची आहे. त्या काळचे सुतार ओक ओलाच वापरत, कारण सुकलेला ओक हत्याराला दाद देत नाही. त्यामुळे तोडणी आणि उभारणी यांत फार तर एक-दोन वर्षांचे अंतर धरावे.

याच्या जोडीला सुताराच्या खुणा आहेत. मोठे छप्पर जागेवर घडवत नाहीत. सुताराच्या कामाच्या मोकळ्या जागेत आडवे मांडून सांधे बसवतात, प्रत्येक सांध्याच्या दोन्ही अंगांना छिन्नीने सारखी खूण करतात, सगळे सोडवून गाडीवर घालतात आणि जागेवर खुणा जुळवत पुन्हा उभे करतात. स्टोकसेच्या हॉलमध्ये, त्याच्या दक्षिणेकडच्या खासगी दालनांत आणि उत्तर बुरुजात या खुणा आणि सांध्यांची घडण एकाच हाताची आहे. निष्कर्ष असा की तिन्ही भाग एकाच मुख्य सुताराच्या देखरेखीखाली 1280 च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि 1290 च्या दशकाच्या आरंभी उभे राहिले. अर्धशतकाचा इतिहास आठ-दहा वर्षांत गोळा झाला.

अंगण ठोकळमानाने 150 फूट लांब आणि 125 फूट रुंद. भोवती 15 ते 25 फूट रुंदीचा खंदक, आणि खंदकाच्या तळापासून 34 फूट उंच तट. खंदकाची माती फेकून न देता आत टाकून अंगण उचलून घेतले. पश्चिमेच्या बाजूला सगळे घर एका रांगेत: उत्तर बुरूज, हॉल, खासगी दालने, आणि किंचित सुटा दक्षिण बुरूज. स्वयंपाकघर आणि इतर बांधकामे अंगणाच्या उत्तरेला होती, ती आता नाहीत.

छपराचे गणित

हॉल आतून 54.5 फूट लांब आणि 31 फूट रुंद आहे. अडचण रुंदीत आहे. दुपाखी छपराचे वासे भिंतींना बाहेर रेटतात, आणि हा रेटा थोपवण्याचा सोपा उपाय म्हणजे भिंतीपासून भिंतीपर्यंत एक सलग आडवी तुळई. पण 31 फुटांच्या गाळ्याला पुरेल अशी जाड, सरळ तुळई देणारा ओक विरळा आणि महाग. म्हणून त्या काळचा रिवाज होता मधे दोन ओळी खांब देऊन हॉलचे तीन भाग करण्याचा. त्यात छप्पर पेलते, पण बसलेल्या निम्म्या पाहुण्यांना यजमान दिसत नाही.

स्टोकसेच्या सुताराने खांबही टाळले आणि खालची तुळईही. हॉलला आडव्या तीन मोठ्या लाकडी कमानी दिल्या, त्यामुळे चार खण पडले. कमानीचे पाय म्हणजे वाकडे वाढलेले ओक. असे झाड उभे चिरले की एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखे दोन भाग मिळतात; इंग्रजीत यांना क्रक म्हणतात. वर हे दोन पाय आडव्या पट्ट्यांनी बांधले आहेत. मधे उभा खांब नाही. रेटा भिंतीच्या माथ्यावर न पडता लाकडाच्या वळणावरून खाली उतरतो. हे हवेच होते, कारण भिंत अखंड नाही. ठिकठिकाणी तिला उंच खिडक्या पाडल्या आहेत आणि त्या छपराच्या ओळीच्या वर जाऊन प्रत्येकीवर स्वतंत्र दुपाखी टोपी बसली आहे.

आज पाहणाऱ्याला या कमानी भिंतीत अर्ध्यावर दगडी आधारांवर टेकलेल्या दिसतात, आणि सुताराने त्या तशाच केल्या असे वाटते. ते खरे नाही. दगडी आधार 19 व्या शतकातले आहेत. मूळचे पाय जमिनीपर्यंत येत होते. लाकूड जिथे ओलसर दगडाला किंवा जमिनीला भिडते ती जागा कुठल्याही छपरात आधी कुजते. म्हणून असे छप्पर तपासताना आढ्याकडे पाहण्याआधी पायाशी वाकावे.

हॉलमध्ये धुराडे नव्हते. जमिनीवर मधोमध अष्टकोनी चूल आहे, धूर वर चढून छपरातून बाहेर पडे. वरच्या लाकडांवरची काजळी ही त्याचीच साक्ष. खिडक्यांच्या फक्त वरच्या भागाला काच होती, खाली लाकडी झडपा. झडप उघडली की उजेडाबरोबर वाराही आत, आणि तोच धूर सगळ्यांच्या डोळ्यांत. श्रीमंताघरचे हे सुख.

उत्तर टोकाला भिंतीलगत लाकडी जिना चढतो. त्याच्या पायऱ्या फळ्यांच्या नाहीत. अख्ख्या बुंध्यांतून कापलेले ठोकळे आहेत. सातशेहून अधिक वर्षे लोक त्यांवरून चढताहेत. फळी तुटते, ठोकळा झिजतो, एवढाच फरक. पण तोच जिना वाचण्याचे कारण.

जिना जातो उत्तर बुरुजात. तिथली वरची खोली एका दमात वाचली तर घराचा सारा इतिहास हाताशी येतो. शेकोटी 13 व्या शतकातली. खालच्या दगडी भिंतीच्या बाहेर झुकलेला, लाकडी चौकटीत गिलावा भरलेला मजला. खिडक्या 17 व्या शतकात बसवलेल्या. डोक्यावरचे छप्पर 19 व्या शतकातले, पण मूळ छपराच्या नमुन्यावर केलेले. खालच्या मजल्यावर नक्षीदार फरशा आहेत, त्या बहुधा लॉरेन्सच्या लडलोमधल्या घरातून आणलेल्या.

हॉलच्या दुसऱ्या टोकाला, बाहेरच्या जिन्याने चढून जायची मालकाची खासगी खोली आहे. तिला सोलर म्हणतात. गच्चीवरच्या पॅनेलशी संबंध नाही. इथली लाकडी पटई आणि शेकोटीवरचे कोरीव काम 1640 च्या आसपासचे. आज ते नुसते काळसर लाकूड दिसते, मूळचे मात्र भडक रंगवलेले होते. पटईत डोळा लावायची भोके आहेत: खाली हॉलमध्ये कोण काय करते आहे ते वरून न सांगता पाहता येई.

दक्षिण बुरूज: ताकद आणि तिची किंमत

घरातला खराखुरा लढाऊ भाग हाच. तीन मजले, जाड भिंती, आणि आकार असमान पंचकोनाचा. असा कोनाकोनांचा बुरूज एडवर्ड तेव्हाच उत्तर वेल्समध्ये बांधत होता. कार्नार्व्हनचे काम 1283 मध्ये सुरू झाले होते. पैसेवाल्या व्यापाऱ्याने राजाच्या ताज्या किल्ल्यांची तऱ्हा आपल्या दारात उचलून आणली, असे अभ्यासक मानतात, आणि ते पटते. या पंचकोनाचा चारचौघांवर पडणारा प्रभाव चौकोनी बुरुजाने पडला नसता.

पण भिंत जाड म्हणजे भक्कम, हे इथे खोटे ठरले. जिने आणि शौचकूप भिंतीच्या पोटातच कोरले, तेही एका ओळीत नव्हे, कुठेही. पोकळी जिथे आली तिथे भिंतीची जाडी कागदावरच राहिली, आणि वरचे वजन एका अंगाने जास्त, दुसऱ्या अंगाने कमी असे उतरू लागले. बांधकाम चालू असतानाच हे लक्षात आले असावे, कारण तेव्हाच बाहेरून दोन मोठे दगडी धिरे द्यावे लागले. असा धिरा मागाहूनचा की मूळचा, हे कोणत्याही वास्तूत सांध्यावरून ताडतात: दगडांचे थर एकमेकांत गुंतलेले असतील तर काम एकत्र झाले, सरळ उभी फट असेल तर धिरा नंतर येऊन टेकला.

आतली मांडणी हुशारीची आहे. बुरुजाचे मूळ दार पहिल्या मजल्यावर. तळघरात जायचे तर वरूनच उतरावे लागे. त्याला बाहेरून दार नव्हते. तळघरात विहीर. म्हणजे रोकड आणि मौल्यवान माल ठेवायला सुरक्षित जागा, आणि वेळ आलीच तर दार लावून बसलेल्यांना पाणी. वर चर्यांच्या मधल्या फटींना लाकडी झडपा बसत.

हे सगळे एकत्र ठेवले की दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आकार घेते. पश्चिमेला हॉलच्या खिडक्या थेट खंदकावर उघडतात. वेढा घालून बसणारी फौज मनात असती तर त्या तिथे नसत्या. दुसरीकडे 34 फुटी तट आणि वरून उतरायचे तळघर हा निव्वळ देखावाही नव्हे. घरात रोकड ठेवणाऱ्या सावकाराला भीती दरोडेखोरांची, रात्री चालून येणाऱ्या पन्नास-शंभर माणसांच्या टोळीची. तेवढ्यासाठी ही तटबंदी पुरेशी होती, आणि मिरवायला पुरून उरणारी. सप्टेंबर 1294 मध्ये वेल्समध्ये पुन्हा मोठे बंड पेटले, तेव्हा शेजाऱ्यांना लॉरेन्सचा तट वायफळ खर्च वाटला नसावा.

त्याला स्वतःला त्याचा उपयोग फार काळ झाला नाही. त्याच वर्षी फ्रान्सशी युद्ध जुंपले आणि राजाने लोकरीवरचा कर पोत्यामागे 6 शिलिंग 8 पेन्सवरून 40 शिलिंगांवर नेला. राजा आणि व्यापारी यांच्यातल्या या सौद्यात लॉरेन्सचा हात होता. मार शेवटी मेंढपाळांवर बसला, कारण व्यापाऱ्यांनी खरेदीचा भाव तेवढा पाडला. नोव्हेंबर 1294 मध्ये समुद्रापार जाताना सफोकच्या ऑल्डबरा किनाऱ्याजवळ त्याचे जहाज बुडाले. एका मठातल्या बखरकाराने लिहून ठेवले की लोकरवाल्यांशी पाप केले म्हणून तो लोकरीने भरलेल्या जहाजात बुडाला.

शोभेचे दार

लॉरेन्सच्या वंशजांकडून, पुढे लग्नसंबंधाने व्हर्नन घराण्याकडून, 1598 मध्ये विक्री होऊन मालमत्ता 1620 मध्ये क्रेव्हन कुटुंबाकडे आली. 1640-41 मध्ये विल्यम क्रेव्हनने जुन्या वेशीच्या जागी आजची देवडी उभी केली; खर्च सुमारे 533 पौंड. दोन मजली, काळे लाकूड आणि गिलावा, श्रॉपशायरच्या खास ढंगात. दारांवर आदम, हव्वा, सर्प आणि देवदूत कोरलेले. तटबंदीच्या तोंडाशी लाकडाची देवडी, आणि तीही राजा आणि पार्लमेंट यांच्यातले यादवी युद्ध सुरू होण्याच्या वर्षभर आधी!

जून 1645 मध्ये पार्लमेंटची सुमारे 800 माणसे लडलोच्या रोखाने येताना स्टोकसेपुढे उभी राहिली. आत राजाच्या पक्षाची छोटी शिबंदी होती. या देवडीमुळे दार राखणे शक्यच नव्हते. शरणागतीची पहिली मागणी रिवाजाप्रमाणे नाकारली गेली, दुसरी रिवाजाप्रमाणेच मान्य झाली, आणि रक्त न सांडता घर हस्तांतरित झाले. जवळच्या चर्चचे हाल याहून वाईट झाले. ते 1654 मध्ये पुन्हा बांधावे लागले.

1647 मध्ये स्टोकसे निकामी करण्याचा हुकूम निघाला. 1818 नंतर सह्याद्रीतल्या गडांच्या वाटा इंग्रजांनी सुरुंगाने उडवल्या, तोच हेतू: पुन्हा कोणी आत बसून लढू नये. इथे मात्र फक्त तट पाडला गेला, घराला हात लागला नाही. म्हणून आज अंगणात उभे राहिले की हॉल थेट डोंगरांकडे पाहतो आणि जागा मोकळीढाकळी वाटते. लॉरेन्सच्या वेळी तिथे चहूकडे भिंत होती. हे मनात न धरता स्टोकसेच्या ‘खेळीमेळीच्या’ रूपाचे कौतुक करणाऱ्यांची कमी नाही.

वाचले कसे

क्रेव्हन इथे राहिले नाहीत, भाडेकरू राहिले, आणि पुढे तेही गेले. 18 व्या शतकात पैसेवाल्या मालकाने असे घर पाडून सपाट दर्शनी भागाचा नवा बंगला बांधला असता. इथे तसा मालकच नव्हता. हॉलमध्ये धान्य साठवले गेले, पिंपे बनवली गेली, दक्षिण बुरुजाच्या तळघरात लोहाराची भट्टी लागली. 1830 मध्ये तिथेच आग लागून बुरुजाच्या आतले मजले जळाले. आजचे मजले त्यानंतरचे.

दुरुस्तीत निर्णायक ठरली ती पद्धत. 19 व्या शतकात ‘जीर्णोद्धार’ म्हणजे आर्किटेक्टच्या कल्पनेतले मध्ययुग नव्या दगडात घडवणे, अशी फॅशन होती. क्रेव्हनांच्या काळात स्थानिक अभ्यासक फ्रान्सेस स्टॅकहाउस ॲक्टन यांनी 1850 च्या दशकात मागे लागून जे काम करवले, त्यात भर होता आहे ते आवळून धरण्यावर. 1869 मध्ये हातमोज्यांच्या धंद्यात गबर झालेल्या जॉन डर्बी ऑलक्रॉफ्ट यांनी सुमारे 5,200 एकरांची सगळी जहागीर 2,15,000 पौंडांना घेतली. आपल्याला राहायला त्यांनी जवळच नवे स्टोकसे कोर्ट बांधवले. या एका निर्णयाने जुन्या घरात गरम पाण्याचे नळ, जादा खोल्या आणि नवी धुराडी येण्याचे टळले. 1870 च्या दशकातली त्यांची दुरुस्ती मोठी होती, पण हॉलच्या मधल्या चुलीला आणि लाकडी जिन्याला कोणी हात लावला नाही.

1986 मध्ये घराची देखभाल इंग्लिश हेरिटेजकडे गेली आणि 1992 मध्ये मालकीही. दालने जवळपास रिकामी ठेवली आहेत. दक्षिण बुरुजाच्या खिडक्यांना आजही काच नाही, पूर्वीसारखीच हिवाळ्यात झडपा लावतात.